चूक झाली तर सांगतात का? धंतोलीतल्या एका रुग्णालयाच्या ‘रुग्ण संवाद कक्षा’चं परीक्षण

नागपुरात रुग्णालयांची परीक्षणं पुष्कळ सापडतात. पार्किंग मिळतं का, कॅन्टीन कसं आहे, डॉक्टर वेळ देतात का, बिल किती झालं. उपचारात रुग्णालयाचीच चूक झाली तर ते घरच्यांना सांगतं का आणि कसं सांगतं, यावर मात्र कोणी लिहीत नाही. धंतोलीतल्या एका मध्यम आकाराच्या खाजगी रुग्णालयाने या कामासाठी वेगळा कक्ष ठेवला आहे, लेखी धोरण केलं आहे आणि ते धोरण बिलिंग काउंटरजवळच्या भिंतीवर मराठी-हिंदीत लावलंही आहे. नाव देत नाही, कारण खाली दोष बरेच काढले आहेत आणि तेच दोष रामदासपेठेपासून वर्धा रोडपर्यंत बहुतेक ठिकाणी सापडतील. परीक्षण करणाऱ्यांत नर्सिंग, रुग्णालय-गुणवत्ता आणि ग्राहक तक्रारींचं काम रोज करणारी माणसं आहेत.

निकाल आधीच सांगून टाकतो. तोंडी सांगण्याच्या बाबतीत सेवा चांगली आहे, काही जागी फार चांगली. कागदावर उतरवण्यात ती कमी पडते, आणि रुग्णाच्या दृष्टीने खरा फरक कागदानेच पडतो.

धोरणात घटनांचे तीन प्रकार केले आहेत. चूक रुग्णापर्यंत पोचली आणि इजा झाली, चूक पोचली पण इजा झाली नाही, आणि चूक पोचण्याआधीच कोणीतरी पकडली. पहिले दोन प्रकार घरच्यांना सांगायचे, तिसरा आतल्या आत नोंदवून त्यातून शिकायचं. ही विभागणी आम्हाला पटली. चुकीची बाटली लावता लावता सिस्टरच्या लक्षात आलं, हे दर वेळी नातेवाइकांना सांगत बसलं तर उपयोग शून्य आणि भीती दुप्पट. दुसऱ्या प्रकाराबाबत मात्र बहुतेक रुग्णालयं ‘काही झालं तर नाही ना, मग कशाला सांगता’ या मताची असतात. इथे तसं नाही.

‘कॉम्प्लिकेशन’ या शब्दाआड चूक लपवण्याची सवय सगळीकडे आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर पित्त गळणं ही माहीत असलेली गुंतागुंत आहे. संमतीपत्रात ती लिहिलेली असेल आणि पायऱ्या नीट पाळल्या असतील तर तिला चूक म्हणता येत नाही, पण तीही समजावून सांगायलाच हवी. पोटात मॉप (रक्त टिपायचा कापडी तुकडा) राहून गेला तर ती गुंतागुंत कधीच नसते. मॉप आणि अवजारांची मोजणी किमान तीनदा होते: सुरुवातीला, पोट बंद करण्याआधी आणि कातडी शिवण्याआधी. मोजणीच्या कागदावर तिसरी सही नसेल तर कोणी कितीही इंग्रजी शब्द वापरोत, प्रश्न मोजणीचाच राहतो. कक्षाच्या फॉर्ममध्ये याचा रकाना आहे: ‘अपेक्षित पायरी कोणती होती, ती पाळली का?’ रकाना साधाच आहे, पण भरणाऱ्याला पळवाट ठेवत नाही.

आता प्रत्यक्ष सांगण्याकडे येऊ. एक नमुना घेतो, कारण अशा चुका वॉर्डात खरोखर होतात. साधं इन्सुलिन आपल्याकडे कुपीत एका मिलीलीटरला ४० युनिट या ताकदीचं मिळतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची असते. ग्लार्जिनसारख्या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनची कुपी १०० युनिटची, तिची सिरिंज नारिंगी टोपीची. रात्री दहाला नारिंगी सिरिंज संपलेल्या असतात. सिस्टर लाल सिरिंजमध्ये १६ च्या खुणेपर्यंत ग्लार्जिन भरते. लाल सिरिंजवर १६ म्हणजे ०.४ मिलीलीटर, आणि १०० च्या कुपीतल्या ०.४ मिलीलीटरमध्ये ४० युनिट असतात. डोस अडीच पट गेला. रात्री तीनला रुग्ण घामाने भिजतो, हाकेला ओ देत नाही, शुगर ४२. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज दिल्यावर तो डोळे उघडतो.

सकाळी भंडाऱ्याहून आलेल्या मुलाला काय सांगायचं? नेहमीचं वाक्य तयार असतं: ‘रात्री शुगर जरा कमी झाली होती, होतं असं कधी कधी, आता बाबा ठीक आहेत.’ यातला एकही शब्द खोटा नाही, आणि पूर्ण वाक्य घातक आहे. ग्लार्जिनचा असर साधारण चोवीस तास चालतो. एकदा साखर दिली म्हणजे संपलं असं होत नाही, ती पुन्हा पुन्हा उतरू शकते. ‘ठीक आहेत ना, मग सुट्टी करून द्या’ म्हणत मुलाने दुपारच्या गाडीने वडिलांना नेलं तर पुढची घसरण गाडीत होईल. चूक सांगणं हा इथे सौजन्याचा भाग राहत नाही, तो उपचाराचाच भाग होतो. नीतिशास्त्राच्या चर्चांत ही गोष्ट बहुतेक वेळा मागे पडते.

कक्षाच्या प्रशिक्षण-पत्रकात बोलण्याचा जो नमुना दिला आहे, तो या प्रसंगाला लावला तर असा होतो: ‘भाऊ, बसा. काल रात्री तुमच्या बाबांना इन्सुलिन जास्त गेलं. १६ युनिट द्यायचे होते, ४० गेले. ही चूक आमच्याकडून झाली. त्यामुळे तीन वाजता शुगर ४२ वर आली. आता ते शुद्धीवर आहेत, बोलत आहेत. या इन्सुलिनचा असर उद्यापर्यंत राहील, म्हणून दर तासाला शुगर पाहतोय आणि सलाईन चालू ठेवलंय. या जास्तीच्या मुक्कामाचा खर्च तुमच्या बिलात येणार नाही. सिरिंज कशी चुकली ते शोधतोय, शुक्रवारी दुपारी बसून सांगतो. मला माफ करा.’ त्यानंतर गप्प राहायचं आणि समोरच्याला बोलू द्यायचं.

या बोलण्यात काय नाही तेही बघा. सिस्टरचं नाव नाही. ‘बहुतेक असं झालं असावं’ असा अंदाज नाही. ‘पण तुमच्या बाबांचं किडनीचं दुखणंही होतंच’ अशी शेपटी नाही. डॉक्टरांची माफी बिघडते ती नेमकी या ‘पण’ने. नातेवाईक ‘पण’च्या पुढचंच लक्षात ठेवतात.

बोलायचं कुणी? धोरण म्हणतं उपचार करणाऱ्या कन्सल्टंटनेच, सोबत मेट्रन किंवा नर्सिंग सुपरवायझर आणि कक्षातला एक माणूस. रुग्णालयाच्या बाजूने तीनपेक्षा जास्त नकोत. पीआरओ (जनसंपर्क अधिकारी) एकटा जाणार नाही, आरएमओला (निवासी डॉक्टरला) पुढे ढकलायचं नाही, ज्या सिस्टरकडून चूक झाली तिला त्या खोलीत आणायचं नाही. रुग्ण स्थिर झाला की लगेच, आणि काही झालं तरी चोवीस तासांच्या आत. रुग्ण शुद्धीवर आणि सज्ञान असेल तर आधी त्याला, मग त्याच्या परवानगीने घरच्यांना. आपल्याकडे हा क्रम नेहमी उलटा होतो. मुलगा, जावई, गावचा सरपंच यांना सगळं ठाऊक असतं आणि खाटेवरच्या माणसाला कोणी काही सांगितलेलं नसतं. या रुग्णालयातही कन्सल्टंट आधी नातेवाइकांनाच बाहेर बोलावतात, धोरण काहीही म्हणो.

बोलण्याआधीची कामं कक्षाने नीट बांधून दिली आहेत. कुपी, सिरिंज, लेबल, सलाईनची बाटली फेकायची नाही, पिशवीत घालून तारीख-वेळ लिहून सील करायची. मॉनिटरमधल्या नोंदी त्याच दिवशी काढून घ्यायच्या. संपूर्ण फाईलला पानांचे आकडे घालून झेरॉक्स करून ठेवायची. फाईलमध्ये दुरुस्ती करायची तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला तारीख, वेळ, सही. व्हाइटनर नको. नंतर आठवलेलं लिहायचं तर वर ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिहून. पुढे कोर्टकचेरी झाली तर डॉक्टरांना मूळ चुकीपेक्षा खाडाखोड महाग पडते.

आता ‘माफी मागितली तर केस होईल’ या भीतीबद्दल. ती पोकळ नाही. अमेरिकेत अनेक राज्यांत डॉक्टरांच्या दिलगिरीला पुरावा म्हणून वापरण्यापासून संरक्षण आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये १९८६ पासून. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. शिवाय डॉक्टरांच्या व्यावसायिक विम्यात बहुधा अट असते की कंपनीला विचारल्याशिवाय दायित्व कबूल करायचं नाही. या रुग्णालयाने तोडगा काढला आहे तो व्यवहारी आहे: घडलेली वस्तुस्थिती सांगायची, तिच्याबद्दल माफी मागायची, कायदेशीर जबाबदारी आणि भरपाई यावर त्या बैठकीत बोलायचं नाही, आणि विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवायचं. ‘४० युनिट गेले’ हे जपून ठेवलेल्या कुपी-सिरिंजवरून आणि शुगरच्या नोंदीवरून कळतंच. ते सांगितल्याने नवा पुरावा तयार होत नाही, लपवल्याने मात्र होतो.

मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१ पासून उघडपणे सांगण्याची आणि चूक असेल तर आपणहून भरपाई देऊ करण्याची पद्धत धरली. २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात नव्या दाव्यांचं मासिक प्रमाण लाखभर रुग्णभेटींमागे ७.०३ वरून ४.५२ वर आलेलं दिसलं. इथल्या चर्चासत्रांत हा आकडा फार मिरवला जातो. तो खरा आहे, पण त्या व्यवस्थेत डॉक्टर संस्थेच्या पगारावर आणि विमाही संस्थेच्याच हातात. धंतोलीतला सर्जन सकाळी एका ठिकाणी, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी स्वतःच्या क्लिनिकमध्ये, आणि विमा त्याचा स्वतःचा. त्यामुळे रुग्णालय तयार आणि व्हिजिटिंग कन्सल्टंट तयार नाही, अशी गाडी इथे अडते. या कक्षाचीही अडते. धोरणावर सगळ्या व्हिजिटिंग डॉक्टरांच्या सह्या घेतलेल्या नाहीत, आणि ज्यांनी केली नाही त्यांच्या रुग्णांना काय सांगायचं हे धोरणात कुठेच नाही.

पैशांचा भाग ठीक आहे. जास्तीचा मुक्काम, तपासण्या, औषधं बिलातून वगळतात आणि बदल्यात ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून घेत नाहीत. यासाठी शाबासकी द्यायला हवी, कारण अशा कागदावर सही घेण्याची सवय गावात जुनी आहे. मेडिक्लेम असलेल्यांनी मात्र जपून राहावं. बिलिंग काउंटर आणि कक्ष यांचं एकमेकांशी जुळत नाही. रुग्णाला माफ झालेले दिवस टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे) पाठवलेल्या बिलात तसेच राहू शकतात. खिशातून काही जात नाही म्हणून घरचे बघत नाहीत, आणि वर्षभराच्या विम्याच्या रकमेतून तेवढे पैसे गुपचूप वजा होतात. सुट्टीच्या वेळी टीपीएला गेलेल्या अंतिम बिलाची प्रत मागा, तारखा स्वतः ताडून पहा.

सगळ्यात मोठा दोष डिस्चार्ज कार्डाचा. कक्षात इतकं मोकळं बोलणारं रुग्णालय डिस्चार्ज कार्डावर लिहितं: ‘हायपोग्लायसेमियाचा एक प्रसंग, उपचाराने बरा.’ हायपोग्लायसेमिया म्हणजे शुगर फार उतरणं, पण ती का उतरली ते कारण लिहीतच नाही. इन्सुलिनच्या उदाहरणात याचा परिणाम काय होतो बघा. मुलगा वडिलांना घेऊन भंडाऱ्याला जातो. तिथले डॉक्टर कार्ड वाचतात: रोजचे १६ युनिट, आणि त्यावर शुगर ४२ पर्यंत उतरली. त्यांचा निष्कर्ष सरळ असेल, डोस जास्त होतोय, १० वर आणा. डोस मुळात बरोबर होता. आता शुगर चढते, जखम भरत नाही, आणि दोन महिन्यांनी सगळे आहारावर खापर फोडतात. ‘चुकून ४० युनिट दिले गेल्याने शुगर ४२ झाली, नेहमीचा डोस १६ युनिटच चालू ठेवावा’ एवढी एक ओळ पुरेशी होती. मुलाला तोंडी सांगितलेलं होतं हे खरं, पण भंडाऱ्याच्या डॉक्टरांसमोर मुलगा ‘इन्सुलिनचं काहीतरी होऊन राहिलं होतं’ यापलीकडे सांगू शकणार नाही. गोंदिया, गडचिरोली, छिंदवाडा, बालाघाटहून माणसं इथे येतात आणि पुढचं सगळं गावच्या डॉक्टरांकडे जातं. तो डॉक्टर कार्डच वाचणार.

बैठकीच्या नोंदीचंही तसंच. कोण हजर होतं, काय सांगितलं, घरच्यांनी काय विचारलं, पुढची तारीख कोणती, याचा फॉर्म चांगला आहे. त्याची प्रत मात्र मागितली तरच मिळते, आणि मागायची असते हे कोणी सांगत नाही. चौकशीनंतरचं पत्र पंधरा दिवसांत येतं असं धोरण म्हणतं. पत्राचा मसुदा इंग्रजीत आहे. बोलणं मराठीत, धोरण मराठीत, आणि शेवटचा कागद वकिलाच्या इंग्रजीत, म्हणजे नेमका जपून ठेवायचा तोच कागद घरात कोणाला वाचता येत नाही. गोंडी बोलणाऱ्यांसाठी तर कुठलीच सोय नाही.

पत्र हाती आलं की ‘आम्ही काय बदललं’ हा परिच्छेद आधी वाचा. ‘संबंधितांना समज देण्यात आली’ एवढंच असेल तर काहीही बदललेलं नाही, पुढच्या रात्रपाळीला तीच लाल सिरिंज तिथेच असेल. ज्या वॉर्डात १०० ची कुपी आहे तिथून ४० च्या सिरिंज काढल्या, कुपीसोबत तिच्याच सिरिंज एका डब्यात ठेवायला लागले, इन्सुलिन देताना दुसऱ्या सिस्टरची सही सक्तीची केली, असं काही असेल तर काम झालं म्हणायचं. एकट्या सिस्टरला घरी बसवणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण त्यानंतर वॉर्डात कोणी चूक नोंदवतच नाही.

मृत्यूच्या बाबतीत धोरण जवळजवळ मुकं आहे. चुकीमुळे मृत्यू झाल्याची शंका असेल तर शवविच्छेदनाचा विषय रुग्णालयाने स्वतः काढायला हवा: पोलिसांना कळवणं, मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत शवविच्छेदन, अहवाल कधी आणि कसा मिळेल. दुःखात घरचे अंत्यसंस्काराची घाई करतात आणि त्यानंतर खरं कारण शोधायचा मार्ग बंद होतो. हे बोलणं अवघड आहे, म्हणूनच ते लिहून ठेवायला हवं होतं. धोरणात त्याऐवजी ‘सुरक्षारक्षकास सूचना द्यावी’ अशी एक ओळ आहे. डॉक्टरांवर हल्ले होतात, त्याविरुद्ध २०१० चा राज्याचा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हे सगळं मान्य. रक्षक दाराबाहेर ठेवा ना. खोलीत वर्दीतला माणूस उभा करून ‘आम्ही दिलगीर आहोत’ म्हटलं की ते धमकीसारखं ऐकू येतं.

कागदपत्रं मिळवणं इथे सोपं आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीपासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि हे रुग्णालय तेवढ्या वेळात देतं. अर्जात नुसतं ‘फाईल द्या’ लिहू नका. डॉक्टरांच्या नोंदी, नर्सिंग नोंदी, ड्रग चार्ट, शुगर चार्ट, संमतीपत्रं, भुलीचा तक्ता, ओटी नोट (शस्त्रक्रियेची नोंद), मोजणीचा कागद, तपासण्या, फिल्मची सीडी आणि बाबवार बिल अशी यादी द्या, एकूण पानं किती ते लिहून सही-शिक्का घ्या.

कक्षाने समाधान झालं नाही तर पुढचे रस्ते थोडक्यात. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांत २०२१ साली रुग्ण हक्कांची सनद आणि तक्रार निवारणाची तरतूद आली. शहरातल्या खाजगी रुग्णालयासाठी ती तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाते. सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोग: मुदत दोन वर्षं, रुग्णालयाला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं आहे. सगळ्यांना मोफत असलेल्या उपचारांना तो लागू होत नाही. सरकारी रुग्णालयातल्या नोंदींसाठी माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्जही करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, मुंबई. फौजदारी तक्रारीची घाई करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानंतर त्यासाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो आणि स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं.

कक्ष तळमजल्यावर, बिलिंगच्या मागे. सोमवार ते शनिवार, दहा ते सहा, शुल्क नाही. रात्री आणि रविवारी काम आरएमओ आणि नर्सिंग सुपरवायझरवर टाकलेलं आहे, आणि त्यांच्याकडे फॉर्मचा गठ्ठाही नसतो. भरती असतानाच दिवसा जाऊन बैठकीच्या नोंदीचा कोरा फॉर्म मागून ठेवा, तो देतात. सोबत दोनच माणसं न्या, त्यातला एक लिहून घेणारा असावा. आणि सुट्टीच्या दिवशी बिल भरण्याआधी डिस्चार्ज कार्ड हातात घ्या. त्यात कारण लिहिलेलं नसेल तर तिथेच कन्सल्टंटकडून ओळ वाढवून, तारीख-सहीसकट घ्या, कारण एकदा घरी गेल्यावर दुरुस्त कार्डासाठी पुन्हा नागपूरची फेरी पडते.